झेंडूच्या माळेखालची चीर

"मुसळ खाली ठेव, वयनी! जावई बघतोय."

"बघू दे. त्याच्यासाठीच उचललंय."

"अगं, पितळ ओतून सांधा भरलाय मी. वेल्डिंगवाला म्हणाला, चिमटा आता पहिल्यापेक्षा मजबूत झालाय."

"मजबूत झालाय ना? मग दोन-चार घाव सोसेल की!"

मी सायकल बोलतेय. हे भांडण माझ्यावरून चाललंय, आणि ते मुसळही माझ्यावरच उगारलंय. मरोळच्या गावठाणात, कॉन्सेप्टाच्या अंगणात, आंब्याच्या बुंध्याला मला टेकवून ठेवलंय. शनिवारची दुपार आहे. परवा, सोमवारी, कॉन्सेप्टाचा जावई पॉल माझ्यावर बसून भांडुपच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचाय. नोकरी नवी, लग्नही नवं. त्याच्या बायकोच्या, एथेलच्या, हातावरची मेंदीसुद्धा अजून पुरती गेलेली नाही.

माझ्या सीटवर हात ठेवून उभा आहे तो क्लेमेंट, कॉन्सेप्टाचा धाकटा दीर. त्यानं मला कोंबड्यांच्या खुराड्यामागून ओढून काढलं, मोडलेला चिमटा जोडून आणला, अंगभर तांबडा रंग फासला, हँडलला रिबीन बांधली आणि घरात घोषणा केली, "काकाकडून जावयाला भेट!"

चिमटा म्हणजे माझे पुढचे दोन पाय. पुढचं चाक त्यांच्यात बसतं, आणि वर बसलेल्या माणसाचा सगळा भार तेच दोघं झेलतात. घंटी गेली तर माणूस ओरडून रस्ता मागेल. मडगार्ड गेलं तर चिखल उडेल, धुतला की जाईल. चिमटा गेला तर धुवायला माणूस उरत नाही.

कॉन्सेप्टा मला नको म्हणते. का म्हणते ते सगळं गावठाण जाणतं. मी स्वतःला नको म्हणते, ते का, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. कुणी विचारावं म्हणून थांबणाऱ्यातली मी नाही. ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला मला आठवत नाही, आणि न आठवणारं रंगवून सांगायची मला सवय नाही. मला आठवतं ते अंधेरीचं दुकान. एकसष्ट साल. अंगाला खाकी कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, हँडल एकीकडे, चाकं एकीकडे. दुकानदार मला जोडायला बसला तसा एका माणसानं त्याच्या हातातला पान्हा काढून घेतला. "तू बाजूला हो. माझी सायकल मी आवळणार."

तो रोझारिओ, कॉन्सेप्टाचा नवरा. भांडुपच्या कारखान्यात फिटर. माझा एकेक नट त्यानं स्वतः आवळला, आणि मला हातात धरून अंधेरीपासून मरोळपर्यंत चालत आणलं. पहिल्या दिवशी बसलासुद्धा नाही. कॉन्सेप्टा दारात उभी होती. म्हणाली, "हिच्याशी लग्न लावून आलास काय रे?"

पाच वर्षं मी त्याला रोज नेलं आणि आणलं. मरोळहून साकीनाका, मग पवईचा तलाव, मग तो लांब उतार, आणि खाली आग्रा रोड धरून भांडुप. उतारावर खाणीतून खडी भरून येणारे ट्रक अंगावरून जायचे. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण त्या रस्त्यावर मी जे शिकले ते कुठल्या मास्तरला येत असेल तर समोर यावं.

कारखान्याच्या स्टँडवर आम्ही शंभर-सव्वाशे सायकली उभ्या असायचो. दिवसभर एकमेकींची दुखणी ऐकायचो. एकीच्या ब्रेकला रबर नव्हतं. तिचा मालक चपलेचा तळवा टायरवर दाबून थांबायचा. एकीची चेन तारेनं बांधलेली. एकीला पॅडल नव्हतं, नुसती दांडी, आणि तिच्या मालकाच्या पायाच्या तळव्याला घट्टा पडला होता, त्याचं त्याला कौतुक! आणि हेच लोक आत यंत्रावर केसभर फरक पडला तर पट्टा बंद करून साहेबाला बोलवायचे. बाहेर आले की एकच मंत्र. "चालतंय ना? मग चालू दे." मोडेपर्यंत सगळंच चालत असतं, हे यांना कुणी सांगायचं? आम्हीच सांगत असतो. खडखडतो, करकरतो, एका बाजूला ओढतो. माणूस ऐकतो आणि तेलाचे दोन थेंब सोडतो, रडणाऱ्या पोराच्या तोंडात गुळाचा खडा द्यावा तसे.

रोझारिओ तसला नव्हता. दर रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मिस्सा झाली की मला अंगणात उलटी करायचा आणि आरा न् आरा बोटानं वाजवून बघायचा. म्हणून जे झालं त्याची मला जास्त चीड आहे. निष्काळजी माणूस मेला असता तर मी एवढी बोलले नसते.

सहासष्ट साल. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी क्लेमेंटनं मला नेलं. "भाऊ, साकीनाक्याला जाऊन येतो." रोझारिओ म्हणाला, "जा, पण माणसासारखी चालव." क्लेमेंट तेव्हा पंचविशीचा, अंगात मस्ती. मित्राशी पैज लावून त्यानं मला पिटाळलं आणि रस्त्याकडेच्या दगडावर घातलं. त्याचा फक्त गुडघा फुटला. माझा चिमटा मागे वाकला, दोन्ही पाय.

भावाला सांगितलं असतं तर एक थोबाडीत बसली असती. तेवढीच किंमत होती. पण क्लेमेंट भ्याला. त्यानं मला विहिरीमागे नेलं, नळाचा पाइप चिमट्यात घातला, आणि पाय माझ्या छातीला लावून ओढला. मी किंचाळले. तो ओढत राहिला. चिमटा दिसायला सरळ झाला, आणि वर मानेपाशी, दोन्ही बाजूंना, चीर गेली. देवळाच्या कुंपणाला लावून उरलेला काळा रंग त्याच्याकडे डब्यात होता. तो त्यानं चिरांवर थापला. मी मुळात काळीच. कुणाला काय दिसणार?

सकाळी रोझारिओनं मला बाहेर काढलं तेव्हा तो रंग वाळला नव्हता. त्याच्या अंगठ्याला लागला. त्याला वाटलं, तेल आहे. घाईत होता.

पण माझी कटकट त्यानं ऐकली. साकीनाक्याला दत्तारामचं पत्र्याचं दुकान, तिथं थांबला. दत्ताराम मालवणचा, हातात जादू असलेला मिस्त्री. त्या दिवशी त्यानं पान्हे, हातोडे, पकडी, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलं होतं. हळदकुंकू, झेंडू, नारळ.

"दत्ताराम, पुढून आवाज येतोय. बघ जरा."

"आज नाय, रोझारिओ. आज पान्ह्याक हात लावचो नाय. आज तेंची पूजा. परवा ये, पयला तुझाच काम करतंय."

"बरं बाबा. तुझ्या देवाचा दिवस आहे, राहू दे."

एका क्रिस्तांवानं एका हिंदूच्या पूजेचा मान ठेवला. वाईट काय केलं? काहीच नाही. आणि दत्तारामनं प्रेमानं उरलेली झेंडूची माळ उचलली आणि माझ्या मानेला बांधली. "हीपण हत्यारच ना रे!" बरोबर चिरांवर बांधली. मी ओरडले. कट. कट. कट. दोघं हसले. दत्ताराम म्हणाला, "बघ, खूश झाली!"

पवईचा उतार सुरू झाला. सकाळची साडेसहाची वेळ, ऊन कोवळं. अर्ध्या उतारावर खड्डा आला, वितीएवढा, रोजचाच. उजवा पाय मानेतून तुटला. चाक माझ्यातून सुटलं आणि गळ्यातली माळ घेऊन एकटंच पुढे धावत गेलं. तुटका पाय डांबरात घुसला. मी जागच्या जागी उभी राहिले, आणि माझ्यावर बसलेल्या माणसाला, ज्यानं मला पहिल्या दिवशी हातात धरून घरी आणलं होतं त्याला, मी उचलून फेकलं. तोंडावर. मैलाच्या दगडावर. कवटी फुटल्याचा आवाज मी ऐकलाय. कारखान्यातली शंभर यंत्रं एकदम लागली तरी तो आवाज बुजणार नाही.

मागून खडीचा ट्रक येत होता. त्याचे ब्रेक चांगले होते. तो थांबला. रोझारिओ त्याच्याआधी थांबला होता.

आणि मग क्लेमेंट बोलला. कुणी माझ्याकडे वळून बघायच्या आत बोलला. "रात्रीची उतरली नव्हती भावाची." एवढंच. एवढं पुरलं. क्रिस्तांव मेला आणि दारूनं मेला म्हटलं की लोकांना पुरावा लागत नाही. तुटलेला चिमटा सगळ्यांनी पाहिला, आणि सगळे म्हणाले, पडला म्हणून तुटला. तुटला म्हणून पडला, असं एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

मला अंगणात आणून खुराड्यामागे टाकलं. पहिल्या वर्षश्राद्धाची मिस्सा करून कॉन्सेप्टा आली ती सरळ माझ्याकडे. हातात बांबू. बांबू फुटेपर्यंत तिनं मला झोडपलं. प्रत्येक घावाला एकच विचारत होती, "बोल, पिऊन होता का? बोल, होता का?" मी बोलू शकले नाही. तो मार मी विसरले नाही, आणि त्याचा रागही मला नाही. सगळ्या मरोळात मला काही विचारणारी ती एकटीच होती.

तिनं मला विकलं नाही. भंगारवाला दारावर आला की सांगायची, "ही नाय. ही दिली तर कुणीतरी जोडून वर बसेल." आणि ती कामाला लागली. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी मसाला कुटतात, वर्षभराचा, बाटल्यांत भरून ठेवायचा. भाजलेल्या मिरच्या, धने, वीस-पंचवीस जिन्नस, आणि टोकाला लोखंडी कडं ठोकलेली मुसळं. सात उन्हाळे ती दुसऱ्यांच्या अंगणात मुसळ चालवतेय. तिचे दंड बघा एकदा. क्लेमेंटनं ते नीट बघितले असते तर आज मला रिबीन बांधून आणलीच नसती.

तर आता ते मुसळ माझ्यावर आहे.

"आई, मी सावकाश नेईन," पॉल म्हणाला. गरीब पोर, सासूसमोर नजर वर करत नाही. "उतार आला की उतरून हातात धरीन."

"सावकाश?" कॉन्सेप्टा त्याच्यावर उसळली. "तुझा सासरा काय उडवत नेत होता? मोडकी वस्तू काय वेग बघून मोडते रे?"

"सायकलला कशाला दोष देतेस, वयनी," क्लेमेंट म्हणाला. "भाऊ पिऊन होता. सगळ्या गावाला माहीत आहे. मेलेल्याला मी वाईट बोलत नाही, पण..."

पहिला घाव बसला. माझ्या मानेवर, उजवीकडे, नव्या सांध्यावर. तांबड्या रंगाचं टरफल उडालं आणि आतलं पिवळं पितळ दिसलं. क्लेमेंटनं मुसळ धरलं. तिनं हिसका दिला. त्यानं तिचा दंड पकडला, तसं तिनं कोपर वळवून सरळ त्याच्या तोंडावर हाणलं. ओठ फुटला. रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर आणि माझ्या हँडलवर उडालं. पॉल मध्ये पडायला पुढे झाला. "मागे हो!" ती गरजली. "तुझ्यासाठी मारतेय!"

दुसरा घाव. सांधा टिकला. खरं ते सांगते, वेल्डिंगवाल्यानं काम चोख केलं होतं. क्लेमेंट रक्त पुसत ओरडला, "बघ! बघ, टिकला!"

तिसरा घाव तिनं डावीकडे घातला. ती बाजू कुणी जोडलीच नव्हती. ती अपघातात तुटली नव्हती, म्हणून ती चांगली, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. वर फक्त रंग दिला होता. डावा पाय गाजरासारखा कटकन तुटला, मी तोंडावर आपटले, आणि खुराड्यातल्या कोंबड्या फडफडून कौलावर गेल्या.

मग क्लेमेंट बोलला, आणि बोलला ते खोटं नव्हतं. "एवढ्या मारानं देवळाची घंटापण फुटेल, वयनी! तू मोडलंस म्हणून मोडलं. यानं काय सिद्ध झालं?"

पॉलनं मान हलवली. त्यालाही ते पटलं. कॉन्सेप्टा धापा टाकत उभी. मी पडल्या पडल्या बघत होते, आणि मला दिसत होतं की क्लेमेंट मला पुन्हा उचलेल, दुसऱ्या बाजूलाही पितळ भरेल, पुन्हा रंग देईल, आणि सोमवार नाही तर पुढच्या सोमवारी हा पोरगा त्या उतारावर असेल.

तेवढ्यात एथेल आली. तासाभरापूर्वी भांडण पेटलं तेव्हाच ती जाणता मिस्त्री आणायला साकीनाक्याला पळाली होती. बरोबर दत्ताराम, धावत आलेला, बनियनवरच. त्याच्या खिशात एक पान्हा होता. तो पान्हा त्याच्या खिशात नेहमी असतो. सहासष्टनंतर दर खंडेनवमीला तो सगळी हत्यारं पूजेला मांडतो आणि हा एक मांडत नाही; रोझारिओला त्या दिवशी परत पाठवलं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि विसरलाही नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, "ह्यो आज कामावर आसा." तुटका तुकडा त्यानं उचलला, बनियनला पुसला, उन्हात धरला. बराच वेळ धरला. मग खाली बसला.

"वयनी," तो म्हणाला, "ह्या बघा. आर्धा तोंड चकचकीत, ता आत्ता तुटला. आर्धा काळा. ह्यो गंज न्हय. ह्यो रंग."

"मग? ती काळीच होती की पहिली," क्लेमेंट म्हणाला.

"कंपनीचो रंग वरसून आसता रे. लोखंडाच्या पोटात जायत कसो? चीर पडल्यार कोणीतरी वर रंग मारलो, तेव्हाच तो आत मुरता. आणि ह्यो नवो तांबडो रंग सोडल्यार ही बाजू त्या दिवसापासून कोणी हातात धरूक नाय." त्यानं तुकड्याच्या काळ्या भागावर बोट ठेवलं. "माळ मी बांधलंय, वयनी. हयच. हेच्याच वर."

आता मला माझं शेवटचं बोलू द्या, कारण यानंतर मला कुणी उभी करणार नाही, आणि नको. लोकहो, मला भंगारात द्या. पण अख्खी देऊ नका. आधी माझे तुकडे करा, मान वेगळी, पाय वेगळे, असे की कुठल्याही हौशी हाताला पुन्हा जोडता येऊ नयेत. मी वाईट सायकल नव्हते. पाच वर्षं मी कुणाला खरचटूही दिलं नाही. पण चीर पडल्यावर मी सायकल राहिले नाही, आणि तसं सांगायला मला फक्त एक कटकट होती. तुमच्या दारातली जी कुणी आज कटकटतेय, तिच्यावरून खाली उतरा. आत्ता. सणवार असला तरी.

कॉन्सेप्टा तो काळा डाग बघत होती. मग तिनं स्वतःचा उजवा अंगठा वर धरला आणि त्याच्याकडेच बघत म्हणाली, "त्याला आंघोळ घातली तेव्हा अंगठा काळा होता. मी साबण लावला, घासला, राख लावून घासला. तेल असतं तर गेलं असतं. तसाच पुरला मी त्याला." मग क्लेमेंटकडे वळली. "आदल्या संध्याकाळी सायकल कुणी नेली होती रे?"

एथेलनं काकाकडे बघितलं. पॉल माझ्यापासून दोन पावलं मागे सरला.

"भाऊ मारील म्हणून..." क्लेमेंट म्हणाला. फुटक्या ओठातून शब्द नीट येत नव्हते. "मला वाटलं, दोन दिवस चालेल, मग मी दत्तारामकडून... वयनी, मला वाटलं चालेल."

तिनं मुसळ उचललं. पॉल ओरडला, "आई!" क्लेमेंटनं डोक्यावर हात धरले आणि खाली बसला. मलाही वाटलं, आता याचंही डोकं भावासारखं फुटणार. पण तिनं मुसळ आंब्याला टेकवून ठेवलं, दत्तारामच्या हातातला तुकडा घेतला, क्लेमेंटचा हात डोक्यावरून ओढून खाली आणला, तुकडा त्याच्या तळव्यावर ठेवला आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी करकचून मिटली. बोटांच्या फटीतून रक्त आलं तरी सोडली नाही.

"उद्या मिस्सा सुटली की हे असंच मुठीत धरून देवळाच्या पायरीवर उभा राहा, आणि रोझारिओ पिऊन पडला असं ज्याला ज्याला सांगितलंस, त्याला त्याला मूठ उघडून आतला काळा रंग दाखव."